पोथी, वेचे आणि पारायण

मराठीत कोणते ग्रंथ श्रेष्ठ मानावेत हे कोणा एका पंडिताने किंवा सभेने ठरवून दिलेले नाही. ती यादी सुमारे सातशे वर्षे निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या हेतूंनी घडवली, आणि त्यांतील बहुतेकांना यादी घडते आहे याची जाणीवही नव्हती. पोथीची नक्कल उतरवणारा लेखनिक, चातुर्मासात पुराण सांगणारा पुराणिक, फडावर अभंग म्हणणारा वारकरी, सरकारी नोकरीतला शास्त्री, दप्तरे धुंडाळणारा संशोधक आणि विद्यापीठाचा परीक्षक अशा सर्वांचा तिला हात लागलेला आहे. अभिजात ग्रंथ म्हणजे काळाच्या कसोटीला उतरलेला ग्रंथ असे सर्रास म्हटले जाते; परंतु काळ स्वतः कसोटी घेत नाही, ती घेणारी माणसे असतात, आणि मराठीच्या इतिहासात या माणसांची नावे, गावे व साले बऱ्याच अंशी सांगता येतात. ती सांगू लागले की आणखी एक गोष्ट लक्षात येते, ती अशी की ग्रंथ श्रेष्ठ ठरणे आणि तो अथपासून इतिपर्यंत वाचला जाणे या दोन गोष्टींचा संबंध समजला जातो त्यापेक्षा फार सैल आहे.

या यादीला छापील रूप मिळाले ते १८५४ साली, परशुरामपंत तात्या गोडबोले यांच्या ‘नवनीत’ या संग्रहामुळे. गोडबोले (१७९९–१८७४) हे मूळचे वाईचे. १८२९ साली छापल्या गेलेल्या ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ रचणाऱ्या शास्त्रीमंडळात ते होते, पुढे त्यांनी संस्कृत नाटकांची भाषांतरे केली आणि वृत्तांवर ‘वृत्तदर्पण’ हे पुस्तक लिहिले. म्हणजे शब्द, छंद आणि अर्थ या तिन्ही बाजूंनी जुन्या कवितेत मुरलेल्या माणसाकडे हे काम आले होते. ‘मराठी कवितांचे वेंचे’ हे त्या पुस्तकाच्या नावातच सांगितलेले आहे. वेचा म्हणजे मोठ्या ग्रंथातून निवडून काढलेला उतारा. मुकुंदराज, ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ, तुकाराम, रामदास, मुक्तेश्वर, वामन पंडित, श्रीधर, मोरोपंत अशी कवींची जी ओळ आज शाळकरी मुलालाही स्वाभाविक वाटते, ती एका पुस्तकात, एका क्रमाने, शिकण्याजोग्या आकारात प्रथम इथे उभी राहिली. तोपर्यंत वारकऱ्याला वामन पंडित ठाऊक असण्याचे कारण नव्हते, मोरोपंतांच्या आर्यांवर पोसलेल्या पुराणिकाला नामदेवाच्या अभंगांशी कर्तव्य असेलच असे नव्हते, आणि रामदासी मठात दासबोधाला जे स्थान होते ते मठाबाहेर नव्हते. वेगवेगळ्या पंथांचे आणि वेगवेगळ्या श्रोत्यांचे कवी एका जिल्दीत बांधले गेले आणि ‘मराठी काव्य’ नावाची एक वस्तू तयार झाली.

‘नवनीता’च्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या आणि इंग्रजी अमदानीतील शाळांत शिकलेल्या कित्येक पिढ्यांनी जुनी कविता याच पुस्तकातून ओळखली. या पुस्तकाचा उपकार मोठा आहे, आणि त्याने लावलेली सवयही तितकीच मोठी आहे. दहा हजार ओव्यांच्या ग्रंथातील शेपन्नास ओव्या अर्थासह पाठ केलेल्या विद्यार्थ्याला तो ग्रंथ ‘झाला’ असे वाटू लागले. परीक्षेत प्रश्न वेच्यावर येत असे, ग्रंथावर नव्हे. पुढे शिक्षक, संपादक, वकील झालेल्या मंडळींच्या लेखनात जुन्या कवितेतील जी अवतरणे वारंवार येतात, त्यांतील पुष्कळशी वेच्यांतील आहेत, असे त्या काळचे लेखन चाळणाऱ्याला सहज आढळेल. त्यांना दोष देण्याचे मात्र कारण नाही, कारण तुकड्यांनी वाचण्याची रीत शाळेने निर्माण केलेली नव्हती. श्रीधराच्या ‘शिवलीलामृता’चा अकरावा अध्याय नित्यपाठात ठेवणारी आणि बाकीच्या अध्यायांकडे क्वचितच वळणारी घरे ‘नवनीता’च्या आधीही होती, शाळेने त्या रीतीला गुणांकन जोडले, इतकेच.

छापखान्याआधी ग्रंथ टिकणे म्हणजे त्याची नक्कल होत राहणे होय. हातकागदाची सुटी, आडवी पाने, दोन्ही बाजूंना बोरूने लिहिलेला मजकूर, समास आखण्यासाठी व दंड देण्यासाठी हिंगुळाची तांबडी शाई, वर-खाली लाकडी पाट्या आणि भोवती कापडी बासन असे पोथीचे रूप असे. पावसाळ्याची ओल, कसर आणि उंदीर यांच्या तोंडून एखादी प्रत पिढी-दोन पिढ्या वाचली तरी तिच्यावरून नवी प्रत कोणी उतरवली नाही तर ग्रंथ संपला. म्हणून त्या काळी ग्रंथावरचे प्रेम हे वाचण्यापेक्षा लिहून काढण्याने सिद्ध होत असे. रामदासांनी ‘दासबोधा’च्या १९ व्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे आणि तो समास म्हणजे लेखनिकाच्या कामाचा जवळून काढलेला आराखडा आहे. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे, शाई सर्वत्र सारखी काळी असावी, पहिल्या पानावरचे आणि शेवटच्या पानावरचे अक्षर एकाच लेखणीने एका दमात लिहिल्यासारखे दिसावे, तरुणपणी डोळ्यांच्या भरवशावर बारीक लिहू नये कारण म्हातारपणी तेच वाचवत नाही, अशा सूचना त्यात आहेत. सर्वांत मार्मिक सूचना समासाविषयीची आहे: पानाच्या चारी बाजूंना कोरी जागा सोडावी, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही. कागद झडणार हे गृहीत धरून ग्रंथ टिकवण्याची ही व्यवस्था होती, आणि लेखण्या, सुऱ्या, कातऱ्या, शाया, हिंगूळ यांची तिथली यादी वाचली की ती लिहिणाऱ्याने स्वतः बोरू झिजवला आहे याची खात्री पटते.

लेखनिकाच्या दुसऱ्या बाजूची साक्ष पोथ्यांच्या शेवटच्या पानावर मिळते. ग्रंथ पूर्ण झाल्यावर शक, संवत्सर, तिथी, गावाचे नाव आणि लिहिणाऱ्याचे नाव देण्याची जी पद्धत होती, तिला पुष्पिका म्हणतात. तिच्यात बहुधा संस्कृत श्लोकांतून ठरावीक मजकूर येतो: जसे पाहिले तसे लिहिले, शुद्धाशुद्धाचा दोष मला देऊ नये, पुस्तक तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून सांभाळावे आणि मूर्खाच्या हाती देऊ नये. दोष देऊ नये ही विनवणी केवळ नम्रतेची नव्हती. नक्कल करताना शब्द बदलतात, जुने रूप कळले नाही की लेखनिक ओळखीचे रूप घालतो, कोणी उत्साही श्रोता स्वतःच्या चार ओव्या मध्येच सरकवतो. अशा रीतीने एकाच ओळीची जी निरनिराळी रूपे वेगवेगळ्या प्रतींत आढळतात त्यांना पाठभेद म्हणतात, आणि ग्रंथ जितका लोकप्रिय तितके त्याचे पाठभेद अधिक, असा नियमच सांगता येतो.

‘ज्ञानेश्वरी’ शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, प्रवरेकाठच्या नेवाशात सिद्ध झाली. त्यानंतर तीनशे वर्षांच्या आत तिच्या प्रतींत इतका फरक पडला की पैठणच्या एकनाथांनी अनेक प्रती ताडून तिचा शुद्ध पाठ सिद्ध केला. हे काम शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली पुरे झाल्याचे त्यांनी स्वतः ग्रंथाच्या शेवटी जोडलेल्या ओव्यांत नोंदवले आहे. त्याच ठिकाणी त्यांनी एक ताकीदही दिली आहे, की या ग्रंथात जो स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखे होईल. स्वतः हजारो ओव्या रचणाऱ्या कवीने दुसऱ्याच्या ग्रंथात एकही ओवी न घालण्याचा दंडक घालून द्यावा, हे मराठीतील ग्रंथनिष्ठेचे सर्वांत जुने स्पष्ट विधान मानावे लागेल. ‘ज्ञानेश्वरी’ श्रेष्ठ आहे म्हणून एकनाथांनी ती शुद्ध केली हे खरेच. परंतु एकनाथांनी ती शुद्ध केली यामुळे तिचे श्रेष्ठत्व दृढ झाले, हेही तितकेच खरे आहे. यापुढे तिच्यात कोणताही फेरफार चालणार नव्हता. तिचा एक ‘खरा’ पाठ होता आणि त्यापासून ढळणे हा अपराध होता.

नामदेवांच्या बाबतीत याच्या उलट घडले. त्यांचे मराठी अभंग गाणाऱ्यांच्या तोंडी वाढत, मिसळत आणि एकमेकांत गुंतत गेले, त्यामुळे मूळ नामदेवाचे कोणते आणि नंतरच्या नामदेवनामक कवींचे कोणते हा वाद अद्याप मिटलेला नाही. परंतु त्यांची ६१ पदे १६०४ साली गुरु अर्जुनदेवांनी सिद्ध केलेल्या आदिग्रंथात घेतली गेली आणि तिथे ती अक्षरशः स्थिर झाली. पंढरपूरच्या कवीचा सर्वांत सुरक्षित पाठ पंजाबात सापडावा, हा ग्रंथांच्या नशिबाचा खेळ आहे.

असाच एक खेळ गोव्यात झाला. सासष्टीतील राशोल येथे १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. सुमारे ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ मराठीत असला तरी देवनागरी खिळे हाताशी नसल्याने रोमन अक्षरांत छापावा लागला. १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. नवख्रिस्ती लोकांना पुराणश्रवणाची सवय होती, म्हणून येशूची कथाही ओवीत आणि पुराणाच्या चालीवर सांगितलेली त्यांना ऐकवली जाई. पुढे १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेविरुद्ध हुकूम काढला आणि या ग्रंथाला राजाश्रय उरला नाही. आश्चर्य असे की त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही; जे टिकले ते हाताने उतरवलेले. ख्रिस्ती कुटुंबांनी जपलेल्या नकलांच्या आधारे १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी तो पुन्हा छापला, आणि देवनागरी आवृत्ती पुण्यात शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली काढली. छापखाना हा ग्रंथ जगवतो आणि हस्तलिखित तो हरवते, या समजुतीला यापेक्षा सणसणीत उत्तर दुसरे नसेल. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ‘ख्रिस्तपुराणा’चे नाव आता आदराने घेतले जाते, पण ‘नवनीता’च्या ओळीत त्याला जागा नव्हती, आणि ज्यांच्याकडे यादी पाहून वाचण्याची रीत आहे त्यांच्या वाचनातही ते क्वचितच आले.

महानुभाव पंथाचे ग्रंथ तर यादीच्या बाहेर स्वखुशीने राहिले. पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या आठवणी म्हाइंभटांनी ऋद्धिपूरला जमवल्या आणि १३ व्या शतकाच्या अखेरीस ‘लीळाचरित्र’ तयार झाले. ते गद्यात आहे, आणि त्यातील माणसे आपापसांत बोलतात, रुसतात, चालतात, जेवतात, भांडतात. मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि शिष्यांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला, असे पंथाची परंपरा सांगते. नंतर पंथाने हे वाङ्मय सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले, म्हणजे एका अक्षराच्या जागी ठरवून दुसरे अक्षर घातले, आणि किल्ली पंथाबाहेर जाऊ दिली नाही. त्यामुळे मराठीतील आद्य गद्यग्रंथ शतकानुशतके मठांत वाचला जात होता आणि बाहेरच्या मराठी जगाला त्याचा गंधही नव्हता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वि. का. राजवाडे आणि ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे यांनी या लिप्यांचा उलगडा केला. ‘लीळाचरित्र’ छापण्याचे काम नागपूरच्या ह. ना. नेने यांनी १९३० नंतरच्या दशकात हाती घेतले, आणि वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ साली प्रसिद्ध केली. ज्या ग्रंथाचे नावही १८५४ च्या सुशिक्षिताला माहीत नव्हते, तो आज मराठी वाङ्मयाच्या कोणत्याही इतिहासाच्या पहिल्या प्रकरणात असतो. सातशे वर्षांपूर्वीचा असूनही अभिजात म्हणून त्याचे वय जेमतेम शंभर आहे.

छापखान्याचा पहिला मोठा परिणाम ‘ज्ञानेश्वरी’वर आणि तुकारामांच्या गाथेवर झाला. ‘ज्ञानेश्वरी’ १८४५ साली बाळशास्त्री जांभेकर यांनी शिळाप्रेसवर छापून काढली. शिळाप्रेस म्हणजे कागदावर लिहिलेला मजकूर विशिष्ट दगडावर उमटवून त्यावरून ठसे घेण्याची पद्धत, ज्यात पान पोथीसारखेच हस्ताक्षरी दिसते. सोवळ्या मंडळींना छापील कागदाचा विटाळ वाटत असे, कारण शाईत चरबी असते असा समज होता. पोथीसारखे दिसणारे पान हा त्यावरचा अर्धा तोडगा ठरला. तुकारामांच्या गाथेची गोष्ट अधिक सविस्तर सांगण्यासारखी आहे. मुंबई इलाख्याच्या विद्याखात्याचे प्रमुख सर अलेक्झांडर ग्रँट यांच्या शिफारशीवरून सरकारने या कामाला आर्थिक साहाय्य दिले आणि १८६९ व १८७३ साली मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून गाथेचे दोन भाग बाहेर पडले. संपादक विष्णू परशुरामशास्त्री पंडित हे विधवाविवाहाचे कट्टर पुरस्कर्ते होते, आणि त्यांच्या कामावर देखरेख करणारे शंकर पांडुरंग पंडित हे कालिदासाचे व अथर्ववेदाचे संपादक. देहू, तळेगाव, पंढरपूर आणि कडूस येथील वह्या मिळवून, त्या ताडून, पाठभेदांसह साडेचार हजारांच्या आसपास अभंग त्यांनी छापले. युरोपीय पंडित ग्रीक-लॅटिन ग्रंथांना जी संपादनपद्धती लावत होते आणि शंकर पांडुरंग संस्कृत ग्रंथांना जी लावत होते, ती एका कुणबी वाण्याच्या अभंगांना लावली गेली, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

सरकारला तुकाराम का हवे होते आणि सुधारकांना का हवे होते, याची कारणे वेगळी आहेत. १८६७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाला मूर्तिपूजेशिवायची, भावनेने भरलेली आणि तरीही स्वदेशी अशी उपासना हवी होती, आणि तुकारामांचे निवडक अभंग तिला नेमके पुरले. न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर यांच्या व्याख्यानांत तुकाराम वारंवार येतात ते याच मार्गाने. वारकऱ्यांना तर या कोणाच्या शिफारशीची गरज नव्हती; त्यांच्या भजनात तो आधीपासून होता. पुढे भावे यांनी १९१९-२० च्या सुमारास तुकारामांचे टाळकरी व लेखनिक संताजी जगनाडे यांच्या वह्यांवरून ‘अस्सल गाथा’ छापला, तेव्हा त्यातील अभंगांची संख्या इंदुप्रकाश गाथेपेक्षा बरीच कमी भरली, आणि अस्सल कोणते या वादाला नवे तोंड फुटले. १९५० साली मुंबई सरकारने गाथेची नवी आवृत्ती पु. मं. लाड यांच्या देखरेखीखाली काढली. शंभर वर्षांच्या आत एकाच कवीच्या गाथेवर दोनदा सरकारी पैसा खर्च झाला आणि दरम्यान विद्वानांनी तिच्या संख्येवरून एकमेकांची तोंडे पाहणे सोडले, यापेक्षा श्रेष्ठत्वाचे अधिक विश्वसनीय लक्षण सांगता येणे कठीण आहे. ज्या ग्रंथाच्या पाठावरून कोणी भांडत नाही, त्याच्याकडे बहुधा कोणी पाहतही नसते.

‘ज्ञानेश्वरी’वरचे भांडणही याच काळातले. राजवाडे यांनी बीडजवळच्या पाटांगण येथे मिळालेल्या पोथीवरून १९०९ साली ‘ज्ञानेश्वरी’ छापली आणि तिचा पाठ एकनाथपूर्व आहे असा दावा करून तिच्या भाषेचे स्वतंत्र व्याकरणही लिहिले. वारकरी परंपरेला हे रुचणे शक्य नव्हते, कारण तिच्या दृष्टीने नाथांनी शुद्ध केलेला पाठ हाच प्रमाण होता. एका बाजूला ग्रंथ म्हणजे भाषेच्या इतिहासाचे साधन आणि दुसऱ्या बाजूला ग्रंथ म्हणजे माउली, अशी ही तेढ आजतागायत सुटलेली नाही. सोनोपंत दांडेकर यांच्यासारख्या वारकरी असूनही तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक असलेल्या संपादकांनी ती सांभाळून घेतली, एवढेच म्हणता येईल.

यादीतून खाली उतरण्याचे उदाहरण म्हणजे मोरोपंत. बारामतीच्या या कवीला (१७२९–१७९४) एकोणिसाव्या शतकातील सुशिक्षितांत जो मान होता तो आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. त्यांच्या ‘केकावली’वर दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८६५ साली ‘यशोदा पांडुरंगी’ ही सविस्तर टीका लिहिली, आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त मोरोपंतांच्या कवितेची बाजू मोठ्या आवेशाने मांडली. आर्येचे अवघड वळण, संस्कृत समास, यमकांची कारागिरी आणि कोडे सोडवल्याचा आनंद यांमुळे मोरोपंत शाळेला आणि टीकाकाराला फार सोयीचे होते. अर्थ लावायला शिकवायचे तर लावण्याजोगा अर्थ दडलेला असावा लागतो. केशवसुतांनंतरच्या कवितेला या कौशल्याचा उपयोग उरला नाही. उलट मर्ढेकरांपासून दिलीप चित्रे यांच्यापर्यंतच्या कवींना तुकाराम हाच समकालीन वाटत राहिला. मोरोपंतांची कविता मात्र विद्यार्थ्यांच्या तोंडातून गेली की पुन्हा आली नाही. श्रीधराचे याच्या अगदी उलट झाले: ‘हरिविजय’ (१७०२), ‘रामविजय’ (१७०३) आणि ‘पांडवप्रताप’ (१७१२) हे ग्रंथ गावोगावी चावडीत आणि माजघरात ऐकले गेले, मराठीत सर्वांत जास्त कानांवर पडलेला कवी बहुधा हाच, परंतु पंडितांनी त्याला सोपा म्हणून दुसऱ्या रांगेत बसवले. श्रोत्यांची यादी आणि पंडितांची यादी यांत पडलेले हे अंतर मराठी समीक्षेने कधी गंभीरपणे मोजले नाही, आणि ते तिचे उणेच म्हटले पाहिजे.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, पण थोड्याच वर्षांत मराठीला वरच्या परीक्षांतून बाहेर काढण्यात आले, आणि रानडे यांच्या दीर्घ खटपटीनंतर विसाव्या शतकाच्या तोंडावर ती एम.ए.च्या परीक्षेत परत आली. मराठीतील ग्रंथ पदवी मिळवण्याजोगे आहेत का, हा त्या वादाचा खरा विषय होता, आणि जुने ग्रंथ पुढे करूनच त्याला उत्तर देता येत होते. भावे यांनी १८९९ साली निबंधरूपाने प्रसिद्ध केलेला आणि १९१९ साली विस्तारलेला ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा इतिहास या वातावरणात लिहिला गेला. हाच युक्तिवाद शंभर वर्षांनी पुन्हा वापरला गेला: ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा त्यासाठी झालेल्या मांडणीत भाषेच्या प्राचीनतेचे आणि जुन्या ग्रंथांचे पुरावे केंद्रस्थानी होते.

आता किती वाचले या प्रश्नाकडे वळता येते. एकट्याने, मनातल्या मनात, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पुस्तक संपवणे ही वाचनाची कल्पना मराठीत छापील पुस्तकाबरोबर रुजली. पोथी मोठ्याने वाचली जाई. एक वाचणारा आणि पुष्कळ ऐकणारे, आणि ज्या स्त्रीला अक्षरओळख नव्हती तिलाही ‘रामविजया’चे कथानक अध्यायवार सांगता येत असे. ग्रंथाच्या शेवटी फलश्रुती असते, म्हणजे तो वाचणाऱ्याला, ऐकणाऱ्याला आणि कित्येकदा लिहून ठेवणाऱ्यालाही काय फळ मिळेल याचे कथन, आणि त्यात वाचन आणि श्रवण यांची योग्यता सारखीच धरलेली असते. छोट्या रचना तर संपूर्ण मुखोद्गत होत्या: ‘हरिपाठ’ किंवा २०५ ‘मनाचे श्लोक’ ज्याला येतात त्याने ते ‘वाचले’ आहेत का, हा प्रश्नच चुकीचा ठरतो.

यातला सर्वांत कडक प्रकार म्हणजे पारायण. ठरावीक दिवसांत, ठरावीक क्रमाने, एकही ओवी न गाळता ग्रंथ उच्चारणे याला पारायण म्हणतात. ‘गुरुचरित्रा’चे सात दिवसांचे पारायण नेमधर्मासह घराघरात होते आणि ‘ज्ञानेश्वरी’चे सामुदायिक सप्ताह गावोगावी बसतात. पारायणात अर्थाकडे लक्ष राहत नाही ही सुशिक्षितांची जुनी तक्रार आहे, आणि ती खोटी म्हणता येणार नाही. ओव्या झरझर जात असताना दृष्टांत मनात ठरत नाही. तरीही पारायणाला बसलेला माणूस अठराव्या अध्यायाच्या अठराशेंहून अधिक ओव्यांतून सुटत नाही, आणि तेराव्या अध्यायातील अज्ञानाची लांबलचक लक्षणेही त्याला टाळता येत नाहीत. अभ्यासक्रमात मात्र बहुधा एखादाच अध्याय असतो, आणि त्यातही बाराव्याकडे कल असतो, कारण त्याच्या ओव्या अडीचशेच्या आत आहेत आणि वर्षाच्या तासिकांत तो बसतो. सबंध ‘ज्ञानेश्वरी’ ज्यांनी वाचली आहे अशा माणसांची मोजदाद कोणी करायला घेतली, तर त्यांतील मोठा भाग मराठीच्या पदवीधरांत सापडणार नाही. तो कामधंदा सांभाळून सात दिवस मंडपात बसणाऱ्या, वाङ्मयेतिहासाचे एकही पुस्तक न उघडलेल्या शेतकरी, दुकानदार आणि गृहिणींत सापडेल.